काठी बघावी फेकून

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनने १९५५ साली मस्कीला राज्यमासा केलं. दहा हजारदा गळ फेकावा तेव्हा हा एकदा लागतो, अशी तिकडची म्हण. तेव्हा काठी निवडणं म्हणजे स्थळ बघण्याइतकंच जोखमीचं!

दुकानदार आधी किंमत सांगतो. मी आधी मुठीवरचा बारीक मजकूर वाचतो: ही किती औंसांचं आमिष पेलते? मस्कीची काही रबरी आमिषं सोळा औंसांची, म्हणजे जवळजवळ अर्ध्या किलोची. आठ औंसांच्या काठीने ती फेकणं म्हणजे छत्रीने नारळ पाडणं. नारळ राहतो, छत्री जाते.

जुन्या सहा फुटी काठ्या भारीच बाणेदार. वाकणं त्यांना ठाऊक नाही. वाकतो तो आपला खांदा. नऊ फुटी काठीची मूठ लांब, त्यामुळे दोन्ही हात कामाला लागतात.

पण खरी परीक्षा शेवटी. मस्की आमिषामागून थेट होडीपर्यंत येतो आणि मुलाकडच्यांसारखा विचारात पडतो. तेव्हा काठीचं टोक पाण्यात बुडवून आठाचा आकडा काढायचा. इंग्रजी हं, मराठी आठ खालून उघडाच! आखूड काठीची वळणं इतकी आवळ की तीन-चार फुटी माशाला वळताच येत नाही. लांब काठी ऐसपैस आठ काढते.

दहा हजारांतली ती एक वेळ तीन फुटांच्या काटकसरीपायी घालवायची? माझं मत नऊ फुटीला.