सह्याद्रीचा कातळ आणि बायरनचा काळोख

मुळशीच्या तलावावरून ताम्हिणी घाटाकडे जातांना डोंगरांच्या अंगावर कातळाचे आडवे थर एकावर एक रचलेले दिसतात. हे सारे लाव्हारसाचे थिजलेले लोंढे. त्यांचें वय सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षें. ते वाहिले तेव्हां पृथ्वी तापली कीं निवाली, असें विचारल्यास बहुतेक सुशिक्षित वाचक ‘तापली’ असेंच म्हणतील. या प्रश्नाचा वाङ्मयाशीं काय संबंध, अशी शंका कोणी घेईल. परंतु बायरनची ‘डार्कनेस’ ही १८१६ सालची कविता समजून घेण्यास तो सोडविल्यावांचून गत्यंतर नाहीं.

सूर्य विझला आहे आणि मनुष्यजात अंधारांत व थंडींत नष्ट होत आहे, असें भीषण चित्र या कवितेंत आहे. एक पक्ष तें बायरनच्या मोडलेल्या संसाराचें प्रतिबिंब मानतो. दुसरा म्हणतो, १८१५ च्या एप्रिलांत सुंबावा बेटावरील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, पुढील वर्षीं युरोपांत उन्हाळाच आला नाहीं. सबब ही कविता म्हणजे हवामानाची नोंद होय.

दोन्ही पक्ष आम्हांस एकांगी वाटतात. राख सूर्याला झांकते ही समजूत अपुरी आहे. बहुतेक राख थोड्याच दिवसांत खालीं बसते. खरें कार्य गंधकाच्या वायूचें. तो स्थितांबरांत पोंचला म्हणजे त्याचे सूक्ष्म आम्लकण बनतात. ते सूर्यप्रकाश परतवितात म्हणून भूपृष्ठ निवतें. मात्र कांहीं उष्णता ते स्वतः शोषीत असल्यानें वरची हवा तापते. १९९१ सालीं फिलिपीन्समधील पिनाटुबोच्या उद्रेकानंतर भूपृष्ठाचें सरासरी तपमान सुमारें अर्धा अंश सेल्सिअसनें उतरलें व कांहीं वर्षांत पूर्ववत् झालें. तांबोराचा स्फोट याहून मोठा. तरी सरासरी घट एका अंशाहून कमीच. एवढ्याशा घटीनें पिकें बुडालीं, माणसें उपाशी मेलीं. सूर्य कांहीं विझला नाहीं. तो अपुरा अंश आणि विझलेला सूर्य यांमधील अंतर हें कवीचें कर्तृत्व होय. तें मोजावयाचें तर आधीं अंश ठाऊक हवा.

सह्याद्रीकडे पाहतांनाही हाच विवेक हवा. येथील उद्रेक लक्षावधि वर्षें पुनःपुन्हा होत राहिले. गंधकाची थंडी दर वेळीं अल्पायुषी. त्याच्यासवें आलेल्या कार्बन डायऑक्साइडची ऊब दीर्घजीवी. एकाच कातळाच्या पोटीं हिंवही होतें आणि ऊबही. त्याला केवळ अग्नीचें प्रतीक करणाऱ्या आमच्या लेखकांनीं हें ध्यानीं घेतलें, तर प्रतिमा उणी न होतां उलट समृद्धच होईल.