'ॲनिहिलेशन'ला मराठी शब्द कोणता?

बाबासाहेबांच्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'चा उल्लेख आपल्या भाषणांतून, लेखांतून 'जातिभेद निर्मूलन' असा सर्रास होतो. या नावाने मूळ नावाची धार बोथट केली आहे.

मूळ शीर्षकात 'भेद' नाहीच. भेद घालवायचा म्हटले की जात ठेवूनही भागते. एका पंगतीत जेवले की भेद मिटला, असे म्हणायला सवर्ण सुधारक मोकळा! सहभोजनाने जात मरत नाही, हे तर बाबासाहेबांनी याच भाषणात बजावले आहे.

आता क्रियेचा शब्द. लॅटिनमध्ये 'निहिल' म्हणजे 'काही नाही'. म्हणजे ॲनिहिलेट करणे हे शून्यावर आणणे होय. हरलेले सैन्य पांगते, पुन्हा जमते. ॲनिहिलेट झालेल्या सैन्यात पुन्हा जमायला कोणी उरत नाही. 'विध्वंस' म्हणावे, तर ढिगारा उरतो आणि त्याच विटांनी गुणकर्माच्या नावाखाली चार वर्णांचा वाडा पुन्हा उभा करता येतो. आर्यसमाजी मंडळींना तेच हवे होते. 'उच्चाटन' हा तर मांत्रिकाचा शब्द. भूत या झाडावरून त्या झाडावर. 'अंत' आपोआपही होतो, त्याला कर्ता लागत नाही. 'निर्मूलन' त्यातल्या त्यात बरा, कारण त्यात मूळ आहे. पण हिवतापाच्या सरकारी मोहिमांनी तो गुळगुळीत केला. कोणते मूळ, हे कोणी विचारत नाही.

बाबासाहेबांनी ते मूळ दाखवले होते. जात ही विटांची भिंत नाही, ती मनातली धारणा आहे आणि त्या धारणेला शास्त्रांच्या प्रामाण्याचा टेकू आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला खुपले ते हेच. नावात 'तोडक' मिरवणाऱ्यांनी मजकूर गाळायला सांगितला. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. संमेलन बारगळले, आणि त्यांनी स्वखर्चाने १५०० प्रती छापल्या. तोडलेले सांधता येते. मंडळाची झेप तेवढीच होती.

शब्द हिंसक वाटतो, अशी कुरकूर काही प्राध्यापक करतात. त्यांनी कर्म तपासावे. शून्यावर आणायची आहे ती जात, माणसे नव्हेत. उलट धारणाच अशी वस्तू आहे की, कोणाच्या केसालाही धक्का न लावता ती पुरती नाहीशी करता येते. मानणारा उरला नाही की तिचा ढिगाराही उरत नाही. या अर्थाने बाबासाहेबांनी शब्द नेमका योजला आहे.

नेमका मराठी शब्द रुजेपर्यंत 'ॲनिहिलेशन' असेच लिहावे. ते जड वाटत असेल, तर निदान व्याख्यानमालांच्या पत्रकांतून आणि अभ्यासक्रमांतून 'जातिभेद'मधला 'भेद' तरी खोडावा.