दोन लाखांची रेघ

सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालातला एक आकडा बघा. 2001 च्या जनगणनेनुसार वीस वर्षांवरील लोकांत पदवी किंवा पदविका घेतलेले साधारण 7 टक्के होते. मुस्लिमांत 4 टक्क्यांहून कमी. निदान पक्कं होतं. घोळ उपायात झाला.

2007 मध्ये केंद्राने अल्पसंख्याकांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणली. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 2 लाख. 2022-23 च्या अर्जांतही तीच!

आता हिशेब करा. समजा, अल्लीपुरातलं एक मुस्लिम कुटुंब. बाप गवंड्याच्या हाताखाली 500 रुपये रोजाने 280 दिवस, आई निंदण-वेचणीला 300 रुपयांनी 220 दिवस. झाले 2,06,000. हिंगणघाटला कॉलेजात जाणारी त्यांची मुलगी बाद. आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणात मात्र 2019 पासून 8 लाखांची मर्यादा आहे.

म्हणून माझा आक्षेप असा की, फक्त मंजूर अर्ज मोजणारा अभ्यास अर्धवट असतो. रेघेबाहेर गेल्यामुळे ज्यांनी अर्जच भरला नाही, ती मुलं त्यात दिसतच नाहीत. पुढच्या वेळी लाभार्थ्यांचा मोठा आकडा वाचाल, तेव्हा ही रेघ कोणत्या वर्षी आखली, ते आधी विचारा.