दहावीच्या पुस्तकातील डोळा आणि वर्गातील डोळा

बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यातल्या एका शाळेत मी दहावीच्या वर्गात मागे बसलो होतो. फळ्यावर गणित होते. एका व्यक्तीला ५० सेंटिमीटरपलीकडचे स्पष्ट दिसत नाही, तर तिला किती शक्तीचे भिंग लागेल? तिसऱ्या बाकावरच्या मुलीने 'उणे दोन डायॉप्टर' हे उत्तर सर्वांच्या आधी काढले. मात्र गणित तिने फळ्यावरून घेतले नव्हते, शेजारणीच्या वहीतून उतरवले होते. विचारले तेव्हा म्हणाली, "सर, फळ्यावरचं पुसट दिसतं."

त्या दिवशी 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग १' मधील 'भिंगे व त्यांचे उपयोग' हा धडा मी पुन्हा वाचला, या वेळी त्या मुलीच्या बाजूने.

२०१८ साली आलेल्या या पुस्तकातला धडा वाईट मुळीच नाही. चिन्हसंकेत, सूत्रे, आकृत्या नेटक्या आहेत. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाचे सर्वांत जास्त अपवर्तन पारपटलावर होते, हेही त्यात सांगितले आहे. डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी ४० हून अधिक पारपटलाची असते. त्यामुळे आतले भिंगच सगळे काम करते, हा जुना समज येथे राहत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हा धडा दोष कसा दूर करायचा ते शिकवतो, पण दोष ओळखायला शिकवत नाही.

निकटदृष्टितेची आकृती पाहा. किरण दृष्टिपटलाच्या अलीकडे एकत्र येतात, मग अंतर्वक्र भिंग येते आणि किरण पटलावर मिळतात. पण अशा डोळ्याला फळा दिसतो कसा? याचे उत्तर नववी-दहावीच्या भूमितीने काढता येते.

मुलीचा डोळा जास्तीत जास्त ५० सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट पाहतो, बाहुलीचा व्यास ४ मिलिमीटर आहे आणि फळा ५ मीटरवर आहे असे धरू. बाहुलीच्या दोन्ही कडांपासून दोन रेषा अशा काढा, की त्या ५० सेंटिमीटरवर एकमेकींना छेदतील. मग त्या फळ्यापर्यंत वाढवा. छेदनबिंदूच्या अलीकडे अर्धा मीटर आहे, पलीकडे साडेचार मीटर. समरूप त्रिकोणांच्या नियमाने फळ्यावर त्या रेषांमधले अंतर बाहुलीच्या नऊपट, म्हणजे ३६ मिलिमीटर होते. खडूचा प्रत्येक ठिपका तिला साडेतीन सेंटिमीटरच्या चकतीएवढा पसरलेला दिसतो. पाच सेंटिमीटर उंचीच्या अक्षरात मग वाचण्यासारखे काय उरणार?

आता जाड कागदाला १ मिलिमीटरचे छिद्र पाडून त्यातून पाहायला सांगा. बाहुलीच्या जागी आता हे छिद्र आले, म्हणून चकती ९ मिलिमीटरची झाली. अक्षर लागू लागते. मुले डोळे बारीक करून पाहतात तेव्हा तीही नकळत हेच करत असतात. छिद्रातून स्पष्ट दिसले, तर बहुधा चष्म्याने काम भागेल. दिसले नाही, तर दोष दुसरा असू शकतो आणि डॉक्टरांकडे जाण्याची घाई अधिक. भिंगाच्या धड्यात हे एक छिद्र असते तर फार बरे झाले असते.

पुस्तक फार दूर, फार जवळ आणि २५ सेंटिमीटरवर धरून वाचण्याची कृती धड्यात आहे. पण आपली मुलगी या परीक्षेत सहज पास होते, कारण हातभर अंतरापर्यंत तिला उत्तम दिसते. शिवाय दोन्ही डोळे उघडे असतील तर एकाचा कमकुवतपणा दुसरा झाकतो. असा दुर्लक्षित डोळा 'आळशी' होतो, आणि त्यावरचा उपचार सात-आठ वर्षांच्या आत सर्वांत चांगला लागू पडतो. दहावीत हा धडा येईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते.

निकटदृष्टितेच्या कारणांतही तोल हवा होता. भिंगाची वक्रता कमी न होणे आणि नेत्रगोल लांबट होणे ही दोन्ही कारणे पुस्तक एकाच तोलाने देते. शाळकरी मुलांत बहुतेक वेळा दुसरेच कारण असते. सुमारे २४ मिलिमीटरचा नेत्रगोल एका मिलिमीटरने लांबला, तरी नंबर अडीच-तीन डायॉप्टरने वाढतो. हे ठाऊक असलेला शिक्षक 'चष्मा लावला की नंबर वाढतो' म्हणणाऱ्या पालकांना उत्तर देऊ शकतो. नंबर वाढतो तो डोळा वाढतो म्हणून, चष्म्यामुळे नव्हे. लेकीच्या लग्नाच्या काळजीने चष्मा टाळणाऱ्या घरांत हे वाक्य उपयोगी पडेल.

याचे महत्त्व बीडमध्ये अधिक, कारण येथे वर्ग वर्षभर भरलेला नसतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकाने वर्षातून एकदा शाळेत येऊन मुले तपासायची असतात, आणि त्यात नजरही येते. पण दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कोयते बाहेर पडतात ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. हंगामी वसतिगृहात न राहिलेली मुले आईबापांबरोबर फडावर असतात. पथक त्या महिन्यांत आले, तर त्यांची तपासणी हुकली.

म्हणून हे काम जून ते सप्टेंबरात, आणि पहिलीपासून, शाळेतच व्हावे. नजर तपासण्याचा तक्ता चांगल्या उजेडात ६ मीटरवर टांगा. त्यातील ६/९ च्या ओळीतले अक्षर सुमारे १३ मिलिमीटर उंच असते. लहान मुलांना अक्षराऐवजी 'ई' च्या चिन्हाची दिशा हाताने दाखवू द्या. एक डोळा तळहाताने, न दाबता, झाका. मग दुसरा. कोणत्याही एका डोळ्याने ही ओळ वाचता आली नाही, तर नाव लिहून घ्या आणि मुलाला नेत्रतपासणीस पाठवा. ओळ वाचता आली म्हणजे सारे ठीक, असेही समजू नका. लहान वयात डोळ्याचे स्नायू ताण घेऊन दूरदृष्टिता लपवतात. वाचताना डोके दुखते म्हणणाऱ्या मुलालाही पाठवावे.

पुढच्या आवृत्तीत या धड्याला एक पान वाढवावे, आणि त्याचे सोपे रूप चौथी-पाचवीत आणावे, एवढीच सूचना. तोवर ते पान आपण शिक्षकांनी वर्गात जोडावे. उणे दोनचे गणित अचूक सोडवणाऱ्या मुलीला स्वतःचा नंबर ठाऊक नसावा, हा दोष तिच्या डोळ्याचा नाही.