रहस्य न फोडता रहस्यकथेबद्दल कसं बोलावं?

(जालना येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय तसा अडचणीचा आहे. कवितेवर बोलायचं तर अख्खी कविता लोकांपुढे ठेवता येते. रहस्यकथेचं तसं नाही. शेवट सांगितला तर वाचणाऱ्याची मजा गेली, आणि शेवट वगळून बोलायचं तर बोलायला उरतं काय? म्हणून या पुस्तकांची परीक्षणं बहुतेक दोनच तऱ्हेची दिसतात. एका तऱ्हेत पाऊण जागा कथानकात जाते आणि खाली ‘पुढचं प्रत्यक्ष वाचा’ एवढंच असतं. दुसऱ्या तऱ्हेत ‘खिळवून ठेवणारी’, ‘एका बैठकीत संपणारी’ अशी विशेषणं असतात. ती कुठल्याही पुस्तकाला चिकटतात. जो माणूस दोन-चार महिन्यांतून एखादं पुस्तक घेतो, त्याला यातून काय कळणार?

मला वाटतं, तीन प्रश्न विचारले तर शेवटाला हात न लावता पुष्कळ सांगता येतं. कथेत कुणाचं काय पणाला लागलंय? लेखक वाचकाशी सरळ खेळलाय का? आणि उत्तर कळल्यावरही पुस्तक पुन्हा वाचवतं का?

पहिला प्रश्न आपल्याच जिल्ह्यातून समजून घेऊ. ऑगस्ट २०२२ मध्ये घनसावंगी तालुक्यातल्या जांबसमर्थला, म्हणजे समर्थ रामदासांच्या जन्मगावी, मंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. पुढे पोलिसांनी त्यातल्या काही शोधून काढल्या. आता बघा, चोर कोण हा प्रश्न होताच. पण त्याहून मोठा प्रश्न होता, देव परत येणार का? चांगली रहस्यकथा असाच दुसरा प्रश्न पोटात घेऊन चालते. ‘खून कुणी केला’ एवढ्यावरच जी उभी असते, ती कोडं असते. कोडं सुटलं की कागद फेकून देतो आपण.

या कसोटीवर बाबूराव अर्नाळकर लावून बघा. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारा माणूस. झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्यांची पात्रं घराघरांत माहीत होती. त्यांचा वेग विलक्षण आहे. वर्णनात ते अडकत नाहीत, दुसऱ्या-तिसऱ्या पानावर संकट हजर. पण पणाला काय लागतं? झुंजार हरणार नाही हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. म्हणून तिथे काळजीपेक्षा कौतुक जास्त वाटतं. हे परीक्षणात सरळ लिहावं. प्रवासात दोन तास मजेत घालवायचेत त्याला अर्नाळकर द्यावेत. ज्याला पुस्तक मिटल्यावरही अस्वस्थ व्हायचंय, त्याला देऊ नयेत.

दुसरा प्रश्न सरळ खेळण्याचा. १९२६ साली अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ आली आणि लेखिकेने फसवलं का, यावर वाचकांत वाद झाला. वाद कशावरून झाला ते मी सांगणार नाही, वाचलं नसेल त्यांच्यासाठी! पण एक सांगतो. शेवट वाचून मागे जा, जिथे जिथे शंका येते तिथली वाक्यं पुन्हा बघा. वाक्य खोटं नसतं, आपण घाईत वाचलेलं असतं. याउलट शेवटच्या प्रकरणात अचानक जुळा भाऊ उगवला तर तो अन्याय आहे. परीक्षकाने जुळा भाऊ सांगू नये, पण ‘धागेदोरे आधी दिलेले नाहीत’ एवढं सांगितलंच पाहिजे.

सरळपणाची आणखी एक बाजू आहे, ती नारायण धारपांच्या बाबतीत टाळता येत नाही. ‘लुचाई’ हे स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेलं आहे, ‘शपथ’ त्याच्याच ‘इट’वर. काही वाचक हे कळल्यावर धारपांना एकदम मोडीत काढतात, काही चाहते विषयच काढू देत नाहीत. मला दोन्ही पटत नाही. रूपांतराची वाट आपल्याकडे जुनी आहे, गो. ना. दातारांनीही रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांवरून लिहिलं. मूळ कुठलं ते वाचकाला सांगावं, आणि मग खरा प्रश्न विचारावा: भीती मराठी झाली का? धारपांची ताकद इथेच आहे. बंद खोली, जुना वाडा, घरातलं म्हातारं माणूस यांतून ते भय उभं करतात. त्यांच्या नायकाचं नाव ‘समर्थ’ आहे. हे नाव मराठी कानावर पडताच आधार वाटतो, आणि तो आधार पुरेल का, या शंकेवर गोष्ट चालते. ‘तुंबाड’ हा २०१८ चा चित्रपट करणाऱ्या राही अनिल बर्वे यांनीही धारपांच्या कथेचं ऋण सांगितलं आहे. धारपांचा दोषही सांगतो. पुष्कळदा ते अमानवी शक्तीचा खुलासा करत बसतात, आणि खुलासा लांबला की भीती उतरते.

तिसऱ्या कसोटीला रत्नाकर मतकरी उतरतात. त्यांच्या गूढकथांत भूत असेलच असं नाही. नेहमीचं मध्यमवर्गीय घर, नेहमीचं बोलणं, आणि त्यात कुणाची तरी हाव किंवा अपराधीपणा हळूहळू आकार घेतो. शेवट ठाऊक असताना ‘खेकडा’ किंवा ‘कबंध’ पुन्हा वाचा. धक्का ओसरलेला असतो, तरी माणसं जास्त भयंकर वाटतात. सगळ्याच कथा या तोलाच्या नाहीत. काहींत शेवटची कलाटणी आधीच दिसते. पण ज्यांनी ‘लोककथा ७८’सारखं नाटक दलितांवरच्या अत्याचारावर लिहिलं, त्यांचीच ही लेखणी. नाटक ‘गंभीर’ आणि गूढकथा ‘हलकी’, अशी विभागणी मग करायची कशी?

आणि मंडळी, या ‘हलकी’ शब्दानेच नुकसान केलंय. अर्नाळकरांची हजार पुस्तकं, पण त्यातली वाचायलाच हवीत अशी दहा कोणती, हे विचारलं तर पटकन उत्तर मिळत नाही. कारण चाळणीच लावली नाही कुणी. स्वस्त कागदावरची पुस्तकं. ग्रंथालयात फाटली की रद्दीत जातात. त्यात टाकाऊ जातात तशी चांगलीही जातात. वेळेवर केलेलं साधं, प्रामाणिक परीक्षण असतं, तर निदान कुठली जपायची हे तरी कळलं असतं.

प्रश्न (श्रोत्यांतून): सर, वाचनाची सवय नाही त्याने सुरुवात कुठून करावी?

उत्तर: मतकरींच्या कथासंग्रहापासून. कथा छोट्या आहेत, एक नाही आवडली तर दुसरी. लांब पल्ला झेपू लागला की धारप, ‘लुचाई’ घ्या. संवादांची आवड असेल तर सुहास शिरवळकर. अमर विश्वासच्या कोर्टातल्या कथा भराभर वाचून होतात. फक्त एक करा. पुस्तक परत करताना ग्रंथपालांना दोन वाक्यं सांगा, काय आवडलं आणि कुठे कंटाळा आला. शेवट मात्र सांगू नका. पुढचा वाचक तिथेच उभा असतो.