परतीचा अनुवाद : टिफनी त्साओ यांचे लेखन

अनुवाद आणि स्वतंत्र लेखन यांचा विचार करताना आपल्याकडे एक उतरंड गृहीत धरलेली असते. ज्याच्यापाशी स्वतःचे सांगण्यासारखे आहे तो लिहितो, आणि ज्याच्यापाशी ते नाही तो दुसऱ्याचे आपल्या भाषेत आणतो, अशी ही समजूत. मामा वरेरकरांसारख्या नाटककार-कादंबरीकाराने शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मराठी वाचकांच्या घरोघर नेल्या, तरीही ती फारशी ढळली नाही. इंडोनेशियन साहित्य इंग्रजीत आणणाऱ्या कादंबरीकार टिफनी त्साओ यांची वाटचाल या समजुतीची परीक्षा पाहणारी आहे.

त्साओ चिनी-इंडोनेशियन कुळातील. जन्म अमेरिकेत, बालपण सिंगापूर व जाकार्ता येथे, उच्च शिक्षण पुन्हा अमेरिकेत आणि वास्तव्य सिडनीत. अशा लेखिकेला ‘आपण कुठले?’ हा प्रश्न पडला नसता तरच नवल. ‘द ऑडफिट्स’ (२०१६) या त्यांच्या पहिल्या कादंबरीचा नायक सिंगापुरात वाढणारा, कोठेच न सामावणारा एक गोरा मुलगा आहे. परकेपणाची नेहमीची मांडणी लेखिकेने येथे उलटी केली आहे. आशियाई समाजात युरोपीय चेहराच विजोड ठरतो. कल्पनारम्यतेच्या आवरणाखाली असलेले हे निरीक्षण पुढील सर्व लेखनाचे बीज आहे.

२०१८ साली ऑस्ट्रेलियात ‘अंडर युअर विंग्ज’ आणि २०२० साली अमेरिकेत ‘द मॅजेस्टीज’ या नावाने प्रसिद्ध झालेली कादंबरी अधिक प्रौढ आहे. एका श्रीमंत चिनी-इंडोनेशियन घराण्याच्या मेजवानीत एस्टेला ही कुलकन्या माशाच्या परांच्या सूपमध्ये विष कालवून सर्वांचा आणि स्वतःचाही अंत करते. वाचते ती एकटी बहीण ग्वेंडोलिन. बेशुद्धावस्थेत पडल्या पडल्या ती या कृत्याचे कारण स्मृतीत शोधू लागते. ज्या समाजाला १९६६ नंतरच्या राजवटीत आपली चिनी नावे बदलण्याचा आग्रह सोसावा लागला आणि १९९८ च्या मे महिन्यात जाकार्त्यात जाळपोळ व अत्याचार सोसावे लागले, त्याच समाजातील धनिकांचे हे चित्र आहे. लेखिका मात्र त्यांना केवळ पीडित म्हणून उभे करीत नाही. संपत्ती राखण्यासाठी घरातील अन्यायावर पांघरूण घालण्याची त्यांची सवय ती निर्दयपणे उघडी करते. ग्वेंडोलिनचा व्यवसाय जिवंत कीटकांचे दागिने बनविण्याचा आहे. त्या घराण्यातील स्त्रियांच्या स्थितीवर याहून बोलके भाष्य शोधून सापडणार नाही. तथापि कादंबरीची अखेरची कलाटणी मला आवश्यक वाटली नाही. प्रतिमेने जे आधीच सांगितले होते, ते कथानकाने पुन्हा सांगितले आहे.

हा अतिरेक त्साओ यांच्या अनुवादांत दिसत नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. दी लेस्तारी व लक्ष्मी पामुंचाक यांच्या कादंबऱ्यांपासून आरंभ करून त्या नॉर्मन एरिक्सन पासारिबू यांच्या कवितांकडे व कथांकडे वळल्या. पासारिबू यांचा कथासंग्रह २०२१ साली ‘हॅपी स्टोरीज, मोस्टली’ या नावाने इंग्रजीत आला आणि पुढील वर्षी आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाच्या दीर्घ यादीत पोहोचला. मूळ नाव ‘चेरिता-चेरिता बहागिया, हंपिर सेलुरुहन्या’. यातील ‘चेरिता’ म्हणजे आपले ‘चरित’ आणि ‘बहागिया’ म्हणजे आपले ‘भाग्य’. दोन्ही शब्द संस्कृतातून तिकडे गेले आणि तेथे ‘कथा’ व ‘सुखी’ या अर्थांनी नांदू लागले. खरी अडचण ‘हंपिर’ या शब्दाची आहे. त्याचा अर्थ ‘जवळजवळ’, आणि त्याच धातूपासून ‘जवळ जाणे’ हे क्रियापदही होते. समलिंगी प्रेमाला समाजात जागा नसलेल्या या माणसांचे सुख हाताशी येते आणि निसटते, हा अर्थ त्या एका शब्दात आहे. इंग्रजी ‘मोस्टली’ने तो मोजमापात नेला. जवळिकीची व्यथा कमी झाली, पण एक कडवट विनोद हाती आला. मराठीतील ‘जवळजवळ’मध्ये मात्र ती जवळीक जशीच्या तशी शिल्लक आहे.

त्साओ यांच्या सामर्थ्याची खरी कसोटी लागली ती बुडी डार्मा (१९३७–२०२१) यांच्या ‘ओरांग-ओरांग ब्लूमिंग्टन’ या १९८० सालच्या संग्रहात. डार्मा अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात शिकत होते. इंग्रजीतच त्यांनी प्रबंध लिहिला, पण ब्लूमिंग्टनच्या माणसांविषयीच्या या सात कथा त्यांनी इंडोनेशियन भाषेत लिहिल्या. खोली भाड्याने घेतलेला तरुण खिडकीतून एका एकाकी म्हाताऱ्याला न्याहाळतो. दुसरा एक जण आपल्या मोटारीवर ओरखडा उठला म्हणून एका अख्ख्या कुटुंबाचा द्वेष करू लागतो. पात्रे अमेरिकन, गाव अमेरिकन, दृष्टी मात्र दुरून आलेली. असे पुस्तक इंग्रजीत आणणे म्हणजे त्याला घरी परत नेणे, असा भ्रम सहज होईल. गावकऱ्यांच्या तोंडी अस्सल अमेरिकन बोली घालण्याचा मोह किती मोठा असेल, याची कल्पना अनुवाद करणाऱ्यालाच येईल. त्साओ यांनी तो आवरला. त्यांचे इंग्रजी सरळ, किंचित औपचारिक, जरा अलिप्त आहे. त्यामुळे गाव ओळखीचे वाटते आणि तरीही परके राहते. २०२२ साली निघालेल्या या अनुवादाला २०२३ चे पेन अनुवाद पारितोषिक मिळाले. ते या संयमाचे आहे असे मी मानतो. ‘द ऑडफिट्स’मध्ये परकेपणाची दिशा उलटविणाऱ्या लेखिकेलाच हा संयम साधावा, यात आश्चर्य नाही.

याचा आपल्याशीही संबंध आहे. इंडोनेशियन साहित्य आपल्यापर्यंत येते ते बहुधा इंग्रजीतूनच. उद्या कोणी डार्मांच्या कथा इंग्रजीवरून मराठीत आणल्या, तर त्या ‘अमेरिकन कथा’ म्हणून वाचल्या जाण्याचा धोका आहे. एका जावानीज लेखकाने अमेरिकेकडे पाहिले, ही त्यातली मुख्य घटनाच त्यामुळे लोपेल. जिच्याकडे ‘चरित’ आणि ‘भाग्य’ शतकांपूर्वी गेले, त्या भाषेकडे आपण इंग्रजीच्या वळणावरूनच किती काळ जाणार, हा प्रश्न त्साओ यांच्या पुस्तकांनी माझ्यापुढे ठेवला आहे. तूर्त इंग्रजीवरून जाणे भागच असेल, तर निदान त्यांच्याइतके सावधपणे जावे. अनुवादकाला सांगण्यासारखे स्वतःचे काही नसते, असे मानणाऱ्यांनी ब्लूमिंग्टनच्या त्या खिडकीशी क्षणभर थांबून पाहावे. मूळ लेखकाचे परकेपण परक्या भाषेत अभंग राखणे, हेही स्वतःचेच सांगणे आहे.