रोपांचा उसासा

थॉमस हार्डीची ‘द वुडलँडर्स’ ही कादंबरी १८८७ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यातलं लिटल हिन्टॉक हे रानातलं गाव कल्पित आहे. पण हार्डी इंग्लंडमधल्या ज्या डॉर्सेटमध्ये जन्मला, तिथल्या मातीचा वास त्याला आहे. हे गाव आपल्याला भेटतं ते कामातून. रात्र झाली आहे, चुलीच्या उजेडात मार्टी साउथ आजारी बापाच्या वाट्याचं काम उरकते आहे. हेझेलच्या फांद्या कोयत्याने चिरून छपरं शाकारायच्या कामट्या करायच्या. हजार कामट्यांना मजुरी १८ पेन्स. तिचे लांबसडक केस मात्र दोन सोन्याच्या नाण्यांना मागितले जातात, म्हणजे २६ हजारांहून जास्त कामट्यांच्या मोलाला! केस हवे आहेत ते जमीनदारीणबाईंच्या गंगावनासाठी. गावची उतरंड हार्डीने एवढ्या हिशेबात दाखवली.

माझ्या मते कादंबरीचा प्राण रोपं लावण्याच्या प्रसंगात आहे. याच गावातला जाइल्स विंटरबोर्न खड्ड्यात रोपाची मुळं अलगद पसरतो, मार्टी ते सरळ धरून उभी राहते. जाइल्सच्या बोटांना जणू झाडाची नस कळते. मार्टीच्या लक्षात येतं, की आडवं पडलेलं रोप गप्प असतं आणि उभं करताच उसासू लागतं. जगायला उभं राहणं म्हणजेच दुःखाला सुरुवात, असं तिला वाटून जातं. जाइल्सचं मन ग्रेस नावाच्या मुलीपाशी, मार्टीचं जाइल्सपाशी. ती बोलत नाही. रोप धरून ठेवते. दोघांमध्ये जे सख्य आहे ते या एका रोपावर टेकलेलं आहे.

याच गावात झाडाने माणूस मरतोही. मार्टीच्या बापाला घरासमोरचं एल्मचं झाड आपल्यावर कोसळेल अशी धास्ती आहे. नवा डॉक्टर ते तोडायला लावतो. रिकामं आभाळ दिसताच म्हातारा हबकतो आणि त्यातच जातो. जाइल्सच्या घरांचा पट्टा या म्हाताऱ्याच्या हयातीपुरता होता, त्यामुळे घरंही जातात. पुस्तकी विद्या असलेल्या डॉक्टरला झाडाचं आणि माणसाचं ते नातं दिसलं नव्हतं. हार्डी त्यावर भाष्य करत नाही, घटना शेजारी शेजारी ठेवतो. म्हणून त्या अधिक लागतात.

शेवटी जाइल्सही मरतो, आणि त्याच्या थडग्याशी ग्रेससोबत येणारी मार्टी एकटीच उरते. ग्रेस नवऱ्याकडे परतलेली असते. मार्टीच्या निरोपात लग्नाच्या आणाभाका नाहीत. ती कामांची नावं घेते: रोप लावताना, कामट्या चिरताना, सफरचंदांचा घाणा फिरवताना तू आठवशील. तिच्या प्रेमाला यापेक्षा दुसरी भाषा ठाऊक नाही, आणि हे वाचताना जाणवतं की जाइल्सलाही दुसरी कळली नसती.